पहिल्या तासाची पाहणी

४ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

सगळं जग तुम्हांला सिस्टर म्हणतं. तुमच्या शाळेतली पोरं म्हणतात, बिशप म्हणतात, खुद्द तुमचा भाऊसुद्धा चारचौघांत म्हणतो. मी म्हणणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही माझ्या वन्सं आहात आणि आज माझं काम वन्संकडेच आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बघू' यापलीकडे जात नाही.

ऑक्टोबरात आमच्या शाळेची पाहणी आहे. धर्मप्रांतातल्या दुसऱ्या कॅथलिक शाळांचे तीन मुख्याध्यापक येणार, तीन दिवस वर्गात बसणार, प्रार्थनेला उभे राहणार, पालकांशी बोलणार आणि जाताना शेरा देणार. तुम्ही अशा कितीतरी पाहण्यांना गेला आहात. मी आजवर कायम पलीकडच्या बाजूला, दुसरीच्या वर्गात पाढे म्हणून घेत उभी असायचे. आता मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत आहे, आणि खरं सांगू? त्या खुर्चीत बसले की पाय जमिनीला टेकत नाहीत असं वाटतं.

तुम्हांला ठाऊक आहे, ही शाळा कायम सिस्टर्सनी चालवली. त्या इथून दुसरीकडे गेल्या, आणि पहिल्यांदाच माझ्यासारख्या संसारी बाईला नेमलं, तेही तात्पुरतं. आमचे फादर, म्हणजे शाळेचे मॅनेजर, माणूस देवासारखा पण तोंडाचा सैल. त्यांनी सांगून टाकलं की शेरा 'कच्चा' आला तर पुढच्या वर्षी कुठली तरी सिस्टर पाठवतील आणि मी परत दुसरीच्या वर्गात.

वन्सं, मला ही खुर्ची हवी आहे. मिरवायला नको. एकोणीस वर्षं 'हे असं केलं असतं तर' म्हणत काढली, आता एकदा करून बघायचंय.

अडचण एकच. वेळापत्रकात पहिल्या तासाला सातवीचं गणित आहे. प्रत्यक्षात गणिताला शिक्षकच नाही. म्हणून सातवीची मुलं त्या तासाला दुसरीत जातात आणि एकेकजण एकेका लहानग्याला वाचायला घेऊन बसतो. ही कल्पना माझीच. दुसरीची पोरं सुरेख वाचतात, पण सातवीचं गणित रामभरोसे, म्हणजे आपल्या भाषेत प्रभूच्या हवाली. हे पाहुण्यांना दाखवू की झाकू? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.

तुमचा भाऊ बरा आहे. मी घरी कमी बोलते म्हणून खूश आहे.

तुमची,
भावजय

१२ ऑगस्ट

प्रिय भावजयबाई,

मूठ झाकलीस तर पाहुणे पहिल्यांदा मूठच बघतील. आम्ही सगळे मुख्याध्यापक. आपापल्या शाळेत हेच उद्योग करतो, त्यामुळे दुसऱ्याचे ओळखायला वेळ लागत नाही. एका शाळेत आमच्यासाठी आदल्या दिवशी जिना रंगवला होता. मी, एक फादर आणि एक गुबगुबीत मुख्याध्यापक, तिघेही कठड्याला टेकलो. फादरांच्या पांढऱ्या झग्यावर हिरवा पट्टा घेऊन आम्ही तीन दिवस त्या शाळेत 'पर्यावरण' बघितलं.

आम्ही इन्स्पेक्टर म्हणून जात नाही, हे आधी डोक्यात घे. शेवटच्या दुपारी सगळे शिक्षक आणि पाहुणे एका खोलीत बसतात, आणि शेरा सांगण्याआधी प्रत्येक पाहुण्याला स्वतःच्या शाळेत काय जमत नाही ते सांगावं लागतं. ही आपल्या धर्मप्रांताची रीत आहे. भल्याभल्यांच्या जिभा तिथे जड होतात. मग यजमान शाळा आपली एक खरी अडचण मांडते आणि सगळे मिळून तिच्यावर डोकं चालवतात. मी दुसऱ्यांच्या शाळांमधून जितकं शिकून आले तितकं माझ्या शाळेत बसून शिकले नाही.

तेव्हा पहिला तास आहे तसा दाखव. गणिताचं मांड. रडू नकोस, सजवू नकोस.

शाळेबद्दल जरा सविस्तर लिही. मुख्याध्यापिकेच्या खोलीत सकाळी ऊन येतं का? जिने फार आहेत का? चर्च किती लांब? सिस्टर्सचं जुनं घर अजून राहण्याजोगं आहे का?

इथलं काय ते पुढे कधीतरी.

तुझी,
वन्सं

२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. आणि तुम्ही खोलीत ऊन येतं का म्हणून विचारलंत, त्याने तर डोळे भरून आले. इतकी काळजी माझ्या सख्ख्या आईने केली नसती. तर ऐका: ऊन येतं, थेट टेबलावर. जिना एकच आहे, कठडा भक्कम आणि कोरडा! चर्च अंगणापलीकडेच. सिस्टर्सचं घर बंद आहे, पण छप्पर शाबूत. फादर म्हणतात झाडून पुसून घेतलं की कोणीही राहील.

काल शिक्षकांची बैठक घेतली. पाहणीच्या आधी शाळेने स्वतःच स्वतःला तपासायचं असतं ना, त्यासाठी. प्रत्येकाला म्हटलं, आपल्या विषयाचं खरं काय ते सांगा. सगळे उत्तम! चित्रकलेचे सर म्हणाले, "माझा विषय तर फारच पुढे गेलाय." वर्षभर पोरं एकच डोंगर काढतायत, मागून सूर्य. धर्मशिक्षणाच्या बाई म्हणाल्या, "मुलांना सगळ्या प्रार्थना पाठ आहेत." मी विचारलं, अर्थ? तर म्हणाल्या, "तो दुसऱ्या सत्रात आहे."

मग मीच म्हटलं, की माझा पहिला तास खोटा आहे. वेळापत्रकात एक, वर्गात एक. आणि मग एकेकाचं तोंड उघडलं. दोन तास बोलत होतो. चहा गार झाला. पहिल्यांदा मला वाटलं की आपण ही शाळा चालवू शकू.

तुम्ही म्हणता तसंच करणार आहे. जे आहे ते दाखवणार. उत्तर लगेच पाठवा, हिंमत टिकायला हवी.

तुमची,
भावजय

१६ सप्टेंबर

आदरणीय सिस्टर,

आपल्या उत्तराची वाट बघत होते. ते का येत नाही हे काल कळलं.

फादर चर्चच्या पायरीवर बसून लोकांना सांगत होते, "काळजी नको, शेरा कच्चा आला तरी बिशपांनी सिस्टर बघून ठेवल्यात. आपल्या बाईंच्याच नणंद!" मी मागे उभी होते. सगळे माझ्याकडे वळले आणि हसले. अभिनंदन केलं हो माझं! घरातच राहिली खुर्ची, म्हणे.

म्हणजे ऊन येतं का ते यासाठी विचारलंत. जिने किती ते यासाठी. आणि मी वेडी, डोळे पुसत उत्तर लिहीत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. एकीकडे मला सांगायचं, जे कच्चं आहे ते उघड्यावर मांड, आणि दुसरीकडे तेच कच्चं निघालं की येऊन बसायचं. असा केसाने गळा कापायला नणंदच लागते. लोक उगाच म्हणी करत नाहीत.

आता मी माझ्या अकलेने चालेन. सातवीचं जे करायचं ते करीन. पाहुण्यांना एकही भोक दिसणार नाही.

आपल्या भावाला यातलं काही सांगितलेलं नाही. ते आपल्याला देवमाणूस समजतात, समजोत.

आपली,
तात्पुरती मुख्याध्यापिका

२१ सप्टेंबर

प्रिय भावजयबाई,

खरं आहे. बिशपांनी मला जुलैतच विचारलं होतं. उत्तर मी अजून दिलेलं नाही. तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

आमची शाळा दुसऱ्या संस्थेकडे जाते आहे. वर्ष संपलं की आमचं राहतं कॉन्व्हेंटही बंद. आमच्या संघाच्या मोठ्या मदरनी माझी सोय म्हाताऱ्या सिस्टर्सच्या घरात केली आहे. जागा छान आहे, बाग आहे, सगळ्या दिवसभर खिडकीशी बसतात. मी जाऊन बघून आले आणि परतीच्या बसमध्ये रडले. मला अजून शाळा हवी आहे, ग. घंटा हवी, गोंगाट हवा. बिशपांनी तुझ्या शाळेचं नाव काढलं तेव्हा मला हाव सुटली. उन्हाचं मी त्यासाठीच विचारलं, तू बरोबर ओळखलंस.

पण सल्ला खरा दिला होता. लबाडीने दिला असता तर झाकायला सांगितलं असतं. झाकणारी शाळा पहिल्याच दिवशी पडते.

आता तू तुझं बघ. मला उत्तर लिहायची सक्ती नाही.

वन्सं

१९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

पाहणी झाली. तुम्हांला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे सांगायला दुसरं कोण आहे मला? तुमच्या भावाला सांगायला गेले तर ते म्हणाले, "मग शेवटी पास का नापास?" पुरुषांना गोष्ट नको असते, निकाल हवा असतो.

पाहुणे तिघे आले. एक तरुण फादर, सारखे वहीत लिहिणारे. एक बंदराकडच्या शाळेच्या बाई, गोड. आणि तिसऱ्या, मुलींच्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. उंच, सरळ, हसणं वर्ज्य. आमच्या पोरांनी पहिल्या मधल्या सुट्टीतच त्यांचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं.

मी तुमच्यावरच्या रागात काय काय करून ठेवलं होतं ते ऐका. पोरांकडून उत्तरं घोकून घेतली होती. भांडण झालं तर काय करता? 'आम्ही क्षमा करतो.' कोणी पेन्सिल घेतली तर? 'आम्ही क्षमा करतो.' पहिल्या दिवशी मोजपट्टीबाईंनी चौथीत विचारलं, "तुमच्या वर्गात नवीन मूल आलं तर तुम्ही काय करता?" सगळा वर्ग एका सुरात: "आम्ही त्याला क्षमा करतो!"

धरणी दुभंगली असती तर बरं, असं झालं मला. तरुण फादरांनी वहीत तोंड खुपसलं. खांदे हलत होते. मोजपट्टीबाई म्हणाल्या, "बिचाऱ्याचा गुन्हा काय?" आणि पुढच्या वर्गाकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं. पहिल्या तासाला सातवीला मी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला पाठवून दिलं. कॅथलिक शाळेत तालमीला नाव कोण ठेवणार! दुसरीच्या वर्गावर चित्रकलेच्या सरांना उभं केलं, चांगला कोट घालून. पाहुणे मागच्या बाकांवर. सर म्हणाले, पुस्तकं उघडा. एकाही पोराने उघडलं नाही. हाताची घडी घालून सगळे दाराकडे बघत बसले. सर परत म्हणाले. तेव्हा पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "आमची मोठी मुलं यायचीयेत अजून." सर म्हणाले, आज येणार नाहीत. झालं! ती पुस्तक घेऊन उठली आणि सरळ बाहेर. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे अख्खा वर्ग. अंगण ओलांडून चर्चमध्ये! पोरांमागे सर, सरांमागे पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागे मी, जोडे वाजवत.

आत सातवीची तालीम चाललेली. ही चिमणी फौज शिरली आणि प्रत्येकाने आपापला ताई-दादा शोधून काढला. गाणं बंद पडलं. सातवीची पोरं माझ्याकडे बघायला लागली, करू काय म्हणून. मी काय सांगणार? 'करा' म्हणून मान हलवली. आणि वन्सं, तिथेच बाकांवर जोडीजोडीने वाचन सुरू झालं. मोजपट्टीबाई एका जोडीशेजारी जाऊन बसल्या. लहानगा अडला की मोठी मुलगी सांगत नव्हती, थांबत होती. हे तिला मी शिकवलेलं नाही, तिचं तिने काढलेलं. तास संपेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हे वेळापत्रकात कुठे आहे?" मी म्हटलं, "नाही." "का?"

मग शेवटची दुपार. तुम्ही सांगितलेली रीत. बंदराकडच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे पालक फाटकाच्या आत येत नाहीत आणि आम्हांला ते सोयीचं वाटतं. तरुण फादर म्हणाले, मी मुलांची नावं विसरतो आणि सगळ्यांना 'बाळा' म्हणून वेळ मारून नेतो. मग मोजपट्टीबाई. म्हणाल्या, "माझी शाळा निकालात सगळ्यांच्या पुढे आहे. पण माझी एक मोठी मुलगी एका लहान मुलीशेजारी अशी बसलेली मी कधी पाहिली नाही. माझ्या मुलींना एकमेकींच्या पुढे जायला मीच शिकवलंय." आमचे शिक्षक खाली बघत होते.

मग माझी पाळी. मी अडचण म्हणून 'बागेला पाणी कमी पडतं' असं ठरवून ठेवलं होतं. बाग! उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं. तालीम खोटी, क्षमा खोटी, वेळापत्रक खोटं. दुसरी वाचते, पण त्या वाचनापायी माझ्या सातवीचं गणित बुडतंय, मोठ्यांच्या तोंडचा घास काढून मी लहानांना भरवतेय आणि मला मार्ग दिसत नाही. म्हटलं, खुर्ची गेली तरी चालेल, पण हे कुणीतरी सोडवा.

दोन तास सगळे त्यावर डोकं चालवत होते. शेऱ्यात आलंय: प्रार्थना नुसत्या पाठ, अर्थ सुधारावा. सातवीचं गणित कच्चं, शिक्षक ताबडतोब हवा. पहिला तास चालू ठेवावा आणि उघडपणे वेळापत्रकात लिहावा. मुख्याध्यापिका बदलू नयेत. मोजपट्टीबाई पुढच्या महिन्यात आपल्या दोन शिक्षिका घेऊन वाचन बघायला येणार आहेत. आणि आमच्या धर्मशिक्षणाच्या बाई बंदराकडच्या शाळेत जाऊन प्रार्थना समजावून कशी शिकवतात ते बघून येणार. बाई फुरंगटल्यात, पण जातील.

म्हणजे खुर्ची राहिली. आमच्या फादरांनी सांगितलं तेव्हा मी उडी मारायची तेवढी बाकी ठेवली. आणि घरी येताना एकदम लक्षात आलं की ती मला मिळाली म्हणजे तुम्हांला नाही मिळाली. तुम्ही त्या खिडकीशी बसलेल्या मला दिसायला लागलात. चालता चालता रस्त्यात थांबले.

वन्सं, मी फार वाईट लिहिलं तुम्हांला. तुमचा सल्ला ऐकला असता तर ती धावपळ टळली असती. रागावलेल्या आहात का? असलात तरी पुढचं वाचा. मुख्याध्यापिका व्हायच्या आधी तुम्ही गणितच शिकवायचात. मला गणिताला माणूस हवंय. सिस्टर्सचं घर मी झाडून घेईन. पण पद साध्या शिक्षिकेचं आहे आणि वर मी. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या बाईला असं विचारणं म्हणजे आगाऊपणा झाला, मला कळतं. माझी विचारायची छाती होत नव्हती. पण विचारलं.

तुमची,
भावजय

३० ऑक्टोबर

प्रिय भावजयबाई,

पत्र मी जेवणघरात सगळ्या सिस्टर्सना वाचून दाखवलं. 'आम्ही त्याला क्षमा करतो' ला आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या सिस्टरना हसता हसता ठसका लागला, पाठ थोपटावी लागली. मी माझ्या शाळेत त्याच दिवशी जाऊन तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, "आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो." म्हणजे माझ्याकडेही काही वेगळं शिजत नाही. माझ्या शिक्षकांना घेऊन त्यावर विचार करायला बसले, इथून जायच्या आधी तेवढं तरी करीन.

रागावले होते. तुझं 'आदरणीय सिस्टर' आलं त्या दिवशी इतकी पेटले की बिशपांना 'हो' कळवायला चप्पल घालून निघालेही होते. फाटकापाशी थांबले. परत आले आणि तुला ते छोटं पत्र लिहिलं. मी काही संत नाही. तुझा शेरा कच्चा आला असता तर मी येऊन बसले असते, आणि मनात वाईट वाटून घेत का होईना, बसले असते. हे तुला ठाऊक असू दे. नंतर कोणाकडून कळायला नको.

आता तुझ्या विचारण्याचं. मोठ्या मदरकडे गेले. त्या म्हणाल्या, "या वयात भावजयीच्या हाताखाली? जमेल का?" मी म्हटलं, "आज्ञाधारकपणाची शपथ घेतलीय, तिची परीक्षा आजवर कुठे झाली? इतकी वर्षं आज्ञा तर मीच देत आले." त्यांनी परवानगी दिली. इथलं हे सत्र संपलं की निघते, उरलेलं वर्ष दुसरी सिस्टर सांभाळेल.

आता ऐक. पहिल्या तासाला हात लावू नकोस. तो त्या पोरांचाच राहू दे. सातवीचं गणित मी शेवटच्या तासाला घेईन. पोरं पेंगतात म्हणशील. माझ्यासमोर अजून कोणी पेंगलेलं नाही. माझ्या वर्गात कधीही येऊन बस, मागच्या बाकावर. चुकलं तर सांग, सगळ्यांसमोर नको. बैठकीत मी मध्येमध्ये बोलेन, खोड आहे, डोळे वटार म्हणजे गप्प होईन. आणि तुझ्या खोलीत मी पाऊल ठेवायच्या आधी दार वाजवीन, तू 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहीन.

बसस्टँडवर मुख्याध्यापिका म्हणून येऊ नकोस. नव्या शिक्षिकेला घ्यायला मुख्याध्यापिका जात नाही, लोक हसतील. भावजय म्हणून ये. सामान जड आहे.

तुझी,
वन्सं